नो मॅन्स स्काय : भटकंती झकास, मारामारी भकास?

ओसरीवरचा

मंडळी, हा अंतराळात ग्रहोग्रही भटकायचा गेम सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घेतला. आत्तापर्यंत ४२ तास झालेत (बायकोला २० सांगितलेत). आता ठरत नाहीये की पुढे खेळू का सोडू, म्हणून हा धागा.

आवडलं ते आधी सांगतो. परवा रात्री पोरगं झोपल्यावर बसलो होतो, एका विषारी पावसाच्या ग्रहावर उतरलो आणि उतरल्यावर लक्षात आलं की यानाचं उड्डाणाचं इंधन संपलंय. ते बनवायला डायहायड्रोजन लागतं, त्याचे निळे स्फटिक कुठे दिसेनात, आणि तेवढ्यात वादळ आलं. सूटचं संरक्षण भराभर उतरतंय, खिशात ते भरायचं सोडियम फक्त ११. शेवटी जमीन खणायचं यंत्र काढलं, खड्डा केला आणि त्यात उंदरासारखा बसून राहिलो. वर नुसता घोंघावणारा आवाज. दोन-तीन मिनिटांनी शांत झालं, बाहेर डोकं काढलं तर आकाश पोपटी, आणि डोंगरामागून कडं असलेला एक अख्खा ग्रह वर आलेला. मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो. असं कुठल्याच गेममध्ये झालं नव्हतं.

आता दुसरी बाजू. त्याच ग्रहावर एक चमकता गोळा दिसला, उचलला, तर ते सेंटिनल नावाचे उडते ड्रोन आले. मग काय, नेम धरा आणि बटण दाबून ठेवा. ते हवेत तरंगतायत, मी खाली उभा, चट चट चट. डास मारायची रॅकेट फिरवल्यासारखं वाटतं हो. कंटाळून पुन्हा खड्डा करून आत बसलो तर ते मला विसरूनच गेले! ही कसली पहारेकऱ्यांची जात?

तर प्रश्न असा, की लढाईत माझंच काही चुकतंय का हे असंच आहे?

झंप्या_द_ग्रेट

४२ तासांनी कंटाळा आला म्हणजे चिकाटी आहे. आम्ही पहिल्या ग्रहावर सोडियम शोधतानाच मेलो. पुढील लेखनास शुभेच्छा.

जुनाजखमी

हा विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

तुम्ही लोक आत्ता येऊन झकास झकास म्हणताय, आम्ही ऑगस्ट २०१६ चे. २०१३ च्या डिसेंबरात पहिला ट्रेलर आला, त्यात निळं पाणी, मोठाले प्राणी, आकाशात युद्ध, आणि मी ऑफिसात कामं सोडून तो शंभर वेळा बघितलेला. इंग्लंडातल्या गिल्डफर्ड गावची हेलो गेम्स ही छोटी कंपनी, जेमतेम दीड डझन माणसं, आणि त्यांचा शॉन मरे मुलाखतीत कोणी काहीही विचारलं की साधारण हो म्हणायचा. दुसरे खेळाडू भेटतील का, हो पण ब्रह्मांड इतकं मोठं की शक्यता कमी. मग गेम आला आणि पहिल्याच दिवशी दोन पठ्ठ्ये एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, आणि एकमेकांना दिसेचनात! कारण ती सोयच नव्हती. पुढे ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या, त्यांनी चौकशी करून जाहिरात दिशाभूल करणारी नाही म्हणून सोडून दिलं, ते वेगळं.

माझी चूक एवढीच की ट्रेलर बघून हुरळलो. तीन दिवस खेळलो, मग चकती मित्राला दिली. तो अजून खेळतोय. मैत्री आहे, पण पूर्वीसारखी नाही.

माजघर

जुनाजखमी, आयडी सार्थ आहे तुमचा :)

पण २०१६ चा गेम आणि आत्ताचा गेम यात फार फरक आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फाउंडेशन नावाचा अपडेट आला, त्यात घर बांधणं आलं. २०१८ च्या नेक्स्टमध्ये खरं मल्टिप्लेअर. २०१९ ला व्हीआर (डोळ्यांवर चष्मा चढवून आत शिरल्यासारखं खेळणं), मग जिवंत यानं, चाच्यांचे अड्डे, २०२४ मध्ये पाणी आणि ढग नव्याने, २०२५ च्या सुरुवातीला वायूचे राक्षसी ग्रह आणि खोल समुद्र. आणि एकाचेही वेगळे पैसे घेतले नाहीत. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खेळाडूंचा या गेमबद्दलचा एकूण शेरा 'व्हेरी पॉझिटिव्ह' व्हायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. आठ वर्षं तोंड बंद ठेवून काम केलं, हे तरी मान्य करा.

जुनाजखमी

काम केलं हे मान्य. पण मूळ पाया कच्चा असेल तर वरचे मजले किती वाढवणार? लढाईचं दुखणं तेव्हाही हेच होतं ना.

नांगरट

धंद्याने प्रोग्रामर आहे म्हणून थोडं अवांतर, कंटाळा आला तर पुढे जा.

यातले ग्रह कुठे साठवलेले नसतात. प्रत्येक ग्रहाला एक आकडा, तो सूत्रांत घातला की डोंगर, हवा, गवत, प्राणी सगळं त्यातून निघतं, तुम्ही पोचलात की तिथल्या तिथे. तुम्ही गेलात की पुसलं जातं, परत आलात की त्याच आकड्यातून तेच निघतं. तो आकडा ६४ बिटांचा, म्हणून ग्रह किती तर २ चा ६४ वा घात. १८ च्या पुढे १८ शून्यं, त्याहून थोडे जास्तच.

आता हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि राजाचं कोठार रिकामं होतं ती गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. ६४ घरांतले सगळे दाणे मिळून या गेममधल्या ग्रहांपेक्षा बरोब्बर एक कमी भरतात. लीलावतीत संख्यांची नावं परार्धाला संपतात, तर हे झाले १८४ परार्ध. सेकंदाला एक ग्रह बघितला तरी ५८,५०० कोटी वर्षं लागतील.

आणि गोम तिथेच आहे. दाणे कितीही असले तरी पोतं तांदळाचंच. सूत्र तेच, सुटे भाग तेच. पहिल्या दहा ग्रहांत डोळे विस्फारतात, पन्नासाव्याला कळायला लागतं की हे डोकं त्या प्राण्याचं, शेपूट ह्याची.

दणकाबाई

ओसरीवरचा, आधी एक सांगा, मारताय कशाने? खाणकामाच्या किरणाने मारत असाल तर खुशाल रॅकेट म्हणा.

ओसरीवरचा

...हो. किरणानेच. दुसरं काही असतं का?

दणकाबाई

अरे देवा =))

४२ तास!!

असतं हो. बोल्टकास्टर बसवा, नाहीतर सरळ न्यूट्रॉन कॅनन. बटण दाबून भरायचा आणि सोडायचा, एकेका दणक्यात ड्रोन जमिनीवर. अपग्रेड एकमेकांना चिकटून लावा म्हणजे बोनस मिळतो. आणि एका जागी उभं राहू नका. पळता पळता ठोसा मारायचं बटण आणि लगेच जेटपॅक दाबलं की माणूस गोफणीतून सुटल्यासारखा जातो, हे एकदा बोटात बसलं की ड्रोनांच्या वरून उडत मारता येतं. सगळ्या लाटा संपवल्या की त्या ग्रहावरचे सेंटिनल काही काळ गपगार होतात, मग गोळे निवांत वेचा.

अंतराळातली लढाई तर मला जमिनीपेक्षा आवडते. यानात महागडा माल असला की चाचे माग काढत येतात. ढाल उतरली की मेनू उघडून सोडियम नायट्रेट ओतायचं, परत वळायचं. माझा नवरा म्हणतो, लग्नात एवढी खूश नव्हतीस.

नांगरट

पण ढाल उतरली की मेनू उघडायचा आणि मीठ ओतायचं, ही लढाई की आमटी? :))

शिवाय ब्रेक दाबून धरला की यान आपोआप शत्रूच्या मागे वळतं, म्हणजे निम्मं काम गेमच करतो.

दणकाबाई

आमटीच. फोडणी माझी.

पुणेरी_पगडी

शीर्षकात 'भकास' शब्द यमकासाठी वापरलेला दिसतो. भकास म्हणजे ओसाड, उदास. मारामारी भकास नसते, ग्रह असतात. असो. चालू द्या.

ओसरीवरचा

यमकासाठीच. गुन्हा कबूल.

कोकणकडा

लढाई जाऊ दे. तुम्ही सगळे भटकंतीला झकास म्हणताय, माझी तक्रार भटकंतीबद्दलच आहे.

'नवा ग्रह शोधला' असं गेम मोठ्या अक्षरांत सांगतो, आणि तुम्ही बघता तर तिथे आधीच व्यापाऱ्याचं ठाणं, आत काउंटरवर गेक जमातीचा एक परग्रहवासी बसलेला, डोक्यावरून मालाची यानं चाललीत, दर दहा मिनिटांवर एक इमारत. कोणी शोधला? आमच्याकडे दर डिसेंबरात कोणीतरी एक 'अज्ञात किनारा' शोधतं, तिथे होमस्टे असतो, सोलकढी असते, पार्किंगचे पन्नास रुपये घेणारा काका असतो. तसलाच शोध हा.

दुसरं म्हणजे अख्ख्या ग्रहाला एकच हवामान. बर्फाचा तर विषुववृत्तावरही बर्फ, वाळवंट तर ध्रुवावरही वाळवंट. एका जागी उतरलात की ग्रह बघून झाला, पुढे डोंगर ओलांडून जावंसंच वाटत नाही. अन् भटक्याला डोंगरापलीकडे काय आहे ही ओढ नसेल तर उरलं काय? सह्याद्रीत घाटमाथ्यावरून चार तास उतरून कोकणात आलं की हवा, झाडं, घरं, जेवण सगळं बदलतं. ते एका ग्रहावर इथे नाही.

साखरझोप

कोकणकडा +१, एकच हवामान हे मलाही खुपतं. पण ओसाड घरं सापडली का तुम्हाला? आत कोणी नाही, भिंतींना काहीतरी चिकट लागलेलं, बाहेर अंड्यांचा खच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं काहीतरी छान फळ आहे, फोडलं एक. मग जे जमिनीतून आलं ना!! रात्री दीडला हेडफोन लावून खेळत होते, इतक्या मोठ्याने किंचाळले की सासूबाई उठून आल्या. त्यांना काय सांगू, अंडं फोडलं?

आता शहाणी झालेय. छपरावर चढते, ती पिल्लावळ वर येत नाही, वरून एकेक टिपते. अंड्यातला गर स्टेशनवर चांगल्या भावात जातो.

पण बघा, मला लढाई आठवत नाही, ती किंकाळी आठवते.

अर्धी_कन्नडिग

सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. भाषा.

गेममध्ये गेक, कोरव्हॅक्स, व्हायकीन अशा जमाती, त्यांचं बोलणं सुरुवातीला शून्य कळतं. रानात जुने दगड असतात, एका दगडाला हात लावला की एक शब्द मिळतो. मग हळूहळू वाक्यात मधेच एखादा शब्द कळायला लागतो, बाकी गोंगाट. मी नोकरीसाठी बंगळुरूला आले तेव्हा हुबेहूब हेच झालेलं. पहिल्या महिन्यात बेकु (हवं), बेडा (नको), एष्टु (किती). भाजीवाल्या अज्जी भडाभडा बोलायच्या, मी त्यातला 'एष्टु' पकडून नुसता अंदाज बांधायचे, कधी पालकाऐवजी मेथी यायची. गेममध्येपण तसंच, एका व्हायकीनच्या वाक्यात मला 'धातू' कळलं आणि 'शत्रू' कळलं, मी धातू दिला, त्याला राग आला. त्याला बहुतेक उलट म्हणायचं होतं.

एवढा शब्द शब्द वेचत भाषा शिकवणारा दुसरा गेम मी खेळलेले नाही. याला भटकंतीत धरा.

माजघर

वा! हे कधी असं बघितलंच नव्हतं. मी पटापट बटण दाबून पुढे जाते.

झंप्या_द_ग्रेट

मराठी माणूस परग्रहावर गेला तरी भाजीचा भावच करणार.

तारांगण७

आमच्याकडे एलिट डेंजरस हा अंतराळाचा गेम आहे २०१४ पासून. आपली खरी आकाशगंगा, खऱ्या आकारात, ४०,००० कोटी ताऱ्यांची. आपला सूर्य आहे, तिथे जाता येतं. यान स्टेशनात घालायचं तर ते स्टेशन स्वतःभोवती फिरत असतं, त्याच्या फटीतून फिरण्याशी ताळमेळ राखून आत न्यावं लागतं, पहिल्यांदा जमलं तेव्हा घाम पुसला होता. तुमच्या नो मॅन्स स्कायमध्ये बटण दाबलं की यान आपलं आपण उतरतं, सूर्य म्हणजे आकाशात चिकटवलेला दिवा, त्याच्याजवळ कितीही उडा, पोचत नाही. लहान मुलांचं आहे ते.

माजघर

आणि एलिटमध्ये गवत आहे का? प्राणी? पाऊस?

तारांगण७

नाही.

माजघर

मग?

तारांगण७

बरं.

नांगरट

जाता जाता, २०२१ च्या एका मोहिमेत मास इफेक्ट या दुसऱ्या गेममधलं नॉर्मंडी जहाज आपल्या ताफ्यात मिळायचं, घेतलं का कुणी? मी त्या आठवड्यात लग्नकार्यात अडकलो होतो, अजून हळहळ वाटते.

दणकाबाई

आहे माझ्याकडे. फोटो हवाय?

नांगरट

नको. त्रास होईल.

गावाकडचा

उशिरा आलो, वरचं सगळं वाचलं. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो, टायपिंगच्या चुका असतील तर सांभाळून घ्या.

वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त, दिवसभर घरात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बाहेर पण कमी जातात. एकदा मी खेळत होतो तर मागे येऊन उभे राहिले. म्हटलं बघा चालवून. यानात त्यांना गोडी वाटली नाही, पण जमिनीवरची गाडी असते ना, रोमर, ती दिली तर पाच मिनिटांत म्हणाले, ही गाडी घाटात लावायच्या लायकीची नाही, ब्रेक मारला की घसरते. आणि खरंच घसरते हो, सगळे हेच म्हणतात. तरी रोज संध्याकाळी तासभर चालवतात. कुठे जायचं ठरलेलं नाही, काही गोळा करत नाहीत, दिवस मावळायला लागला की दिवे लावतात आणि हळू करतात. गेममधला दिवस अर्ध्या तासाचा, म्हणजे तासात दोन रात्री पडतात, दोन्ही वेळा हळू करतात. एकदा सेंटिनल मागे लागले तर चिडले, म्हणाले हे आरटीओवाले कशाला आणलेत.

मग मी सेटिंगमध्ये जाऊन लढाई बंद केली. २०२२ पासून ही सोय आहे, पायी लढाई वेगळी, यानातली वेगळी, जगण्याचे धोके वेगळे, पाहिजे ते कमीजास्त करता येतं, चालू खेळात पण. ओसरीवरचा, तुम्ही ते बघितलं का?

एक सांगून ठेवतो. खेळ सेव्ह झालाय ना ते बघत जा. आमच्याकडे लाईट जाते. एकदा वडिलांचा पाऊण तासाचा प्रवास गेला, तर म्हणाले जाऊ दे, रिकामीच होती गाडी.

साखरझोप

"रिकामीच होती गाडी" :') वडिलांना नमस्कार सांगा.

जुनाजखमी

च्यायला. आता मला राग पण येईना.

कोकणकडा

गावाकडचा, सुंदर लिहिलंय. पण वाद म्हणून सांगतो, लढाई बंद करता येते हा गुण नाही, दोष आहे. ज्या गोष्टीला बंद केल्यावर गेम जसाच्या तसा राहतो ती गोष्ट त्या गेमची नव्हतीच. खणलेल्या खड्ड्यात बसलं की पहारेकरी विसरतात, छपरावर चढलं की राक्षस विसरतात. सगळीकडून लढाई टाळायलाच जागा ठेवलीय.

दणकाबाई

असहमत. मी बंद केली तर माझा गेम अर्धा होतो. तुम्हाला पुरणपोळीत रस नाही म्हणून सणातून काढून टाकायची का?

ओसरीवरचा

सगळ्यांचे आभार. आठवडाभर प्रयोग केले, अहवाल देतो.

पहिले तीन दिवस दणकाबाईंचं ऐकलं. न्यूट्रॉन कॅनन बसवला, वर पायी लढाई सगळ्यात अवघड केली. ठोसा-जेटपॅक जमायला एक रात्र गेली, चार वेळा कड्यावरून पडलो. पण जमलं! पाच लाटा संपवल्या, शेवटी तो दोन पायांचा ढांग टाकत येणारा मोठा यंत्रराक्षस आला, त्यालाही पाडला, हात थरथरत होते. तेव्हा रॅकेटचा आरोप मागे घेतो, निदान अर्धा. अर्धाच, कारण सहाव्यांदा तेच ड्रोन त्याच क्रमाने आले तेव्हा नांगरट यांचं तांदळाचं पोतं आठवलं.

मग गावाकडचा यांचं ऐकून पायी लढाई पूर्ण बंद केली, जगण्याचे धोके मात्र अवघडच ठेवले. आता ड्रोन येतात, बघतात, निघून जातात. आणि हे मला अपेक्षित नव्हतं पण दुसऱ्याच दिवशी काहीतरी चुकल्यासारखं झालं. आधी ड्रोनचा तो किर्र आवाज आला की मी दगडाआड थांबायचो, तो जाईपर्यंत आजूबाजूचं बघत बसायचो, तिथेच अर्धी मजा होती. आता थांबतच नाही, सरळ चालत सुटतो. मारामारी नको होती, पण धाक हवा होता, असं काहीसं. नीट सांगता येत नाही.

म्हणून आता मधलं काढलंय. पायी लढाई परत चालू, साध्या पातळीवर, आणि शस्त्र काढून टाकलंय. किरण तेवढा ठेवलाय, तो खाणीसाठी. ड्रोन आले की पळायचं, लपायचं.

दणकाबाई

न्यूट्रॉन कॅनन काढला??? विकलात?

ओसरीवरचा

मोडून सुटे भाग घेतले.

दणकाबाई

मी या धाग्यावरून रजा घेते.

पुणेरी_पगडी

'धाक' हा शब्द योग्य आहे. शीर्षकही बदला.

गावाकडचा

ओसरीवरचा, वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, त्याला सांग गाडी घे, पायी कशाला फिरतो.

ओसरीवरचा

घेतो. पण घसरते म्हणे?

गावाकडचा

आधीपासून हळू करायची म्हणतात.